शिपायाचा मान आणि आपले देणे

दर साल ७ डिसेंबर आला की सशस्त्र सेना ध्वजदिन साजरा होतो. १९४९ सालापासून हा दिवस पाळला जातो. शाळेची पोरे कागदी झेंडे घेऊन हिंडतात, निधी गोळा होतो आणि तालुक्याच्या गावी सभा भरते. मागे अशाच एका सभेला आम्ही हजर होतो. आमच्या ओळखीचे एक म्हातारे निवृत्त हवालदार वर खुर्चीवर बसविले होते. हार झाले, श्रीफळ झाले, खांद्यावर शाल पडली. चार वक्ते उठले आणि चौघांनीही, तुम्ही सरहद्दीवर जागता म्हणून आम्ही घरी सुखाने झोपतो, हेच एक वाक्य आळीपाळीने म्हणून घेतले. हवालदार मान खाली घालून ऐकत होते. टाळ्या वाजल्या, चहा झाला, मंडळी पांगली.

पुढच्या सोमवारी तेच हवालदार आम्हांला कचेरीच्या पायरीवर बसलेले दिसले. वडिलार्जित जमिनीवर वारस म्हणून नाव लागायचे होते आणि फेरफार सात महिने अडून राहिला होता. साहेब बैठकीला गेले होते. म्हाताऱ्याच्या मांडीवर कागदांचा गठ्ठा होता आणि पावसाळी हवेने कागद भिजू नयेत म्हणून त्याभोवती ध्वजदिनाची ती शाल गुंडाळलेली होती. आम्ही रामराम घातला. ते हसून म्हणाले, "शाल कामाला आली बघा."

हे एवढे बोलणे आमच्या मनातून जाईना. म्हणून आज हा प्रश्न वाचकांपुढे मांडतो. सैनिकाला इतर माणसांहून वेगळा, अधिक मान द्यावा काय? द्यावा, तर तो कशाने द्यावा?

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, सैनिक हा देव आहे. त्याच्यापुढे माथा टेकावा आणि त्याचे नाव निघाले की आपले तोंड बंद करावे. शेतकऱ्याने भाव मागितला, मजुराने रोजगार मागितला, विद्यार्थ्याने वसतिगृह मागितले, की हा पक्ष म्हणतो, सरहद्दीवर जवान मरताहेत आणि तुम्हांला आपले पडले आहे! दुसरा पक्ष याच्या उलट. तो म्हणतो, सैनिक पगार घेतो आणि चाकरी करतो. गवंडी भिंत बांधतो, लोहार फाळ शेवटतो, तसा तो पहारा देतो. त्यात वेगळा मान कसला? आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पहिल्याला शिपाई ठाऊक नाही, दुसऱ्याला शिपायाची चाकरी ठाऊक नाही.

आधी शिपाई म्हणजे कोण ते पाहू. तो आकाशातून पडत नाही. तो तुमच्या आमच्या घरातला आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पलटणीत माणसे पाठवून पाठवून त्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द चिकटला. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान पडल्याची नोंद आहे. त्या युद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसे गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आली नाहीत. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज उपाशी अडकली, तिचे नावच पुणे डिव्हिजन होते आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इटलीत यशवंत घाडगे पडले, १९४५ साली त्याच देशात नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या माऱ्यातून जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ शत्रूचे रणगाडे फोडून पडलेले परमवीर अब्दुल हमीद हे उत्तर प्रदेशातील एका शिंप्याचे पुत्र होते. कुणब्याचे, शिंप्याचे, धनगराचे, महाराचे, रामोशाचे पोर बंदूक धरते. पोटी जिराईत जमीन, दोन वर्षांआड दुष्काळ आणि घरात तीन भाऊ असले की धाकटा पहाटे उठून भरतीसाठी सोळाशे मीटर धावू लागतो. त्याच्या मनात देशप्रेम असते, यात शंका नाही. पण त्या देशप्रेमाला पहाटे चार वाजता जागे करणारी बापाच्या डोक्यावरची थकबाकीही असते, हे ज्याचे जळते त्यालाच कळते.

लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली 'जय जवान, जय किसान' असा घोष दिला. तो योग्यच होता. परंतु तेव्हापासून लोकांची अशी समजूत झाली की जवान एक आणि किसान दुसरा. आम्ही म्हणतो, ती दोन माणसे नाहीत, ते एकाच चुलीवरचे दोन भाऊ आहेत. २०२२ या एका वर्षात देशात ११,२९० शेतकरी व शेतमजुरांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. जो मनुष्य थोरल्या भावाच्या फासाकडे पाहत नाही आणि धाकट्याच्या वर्दीला सलाम ठोकतो, त्याचा सलाम आम्ही खरा कसा मानावा? घराचा अर्धा भाग पूजायचा आणि अर्धा तुडवायचा, ही कोणती रीत?

आता वर्दीच्या मानाची दुसरी बाजू पाहा. हा मान वर्दीचा आहे की माणसाचा? याचे उत्तर ज्यांच्या अंगावरची वर्दी उतरल्यावर त्यांना काय मिळाले, त्यांना विचारावे. इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान् पिढ्या लढले. पण १८९२-९३ च्या सुमारास 'लढवय्या जाती' नावाचे एक खूळ निघाले आणि त्यांची भरती बंद झाली. काल जो शूर होता तो आज कागदाच्या एका फटकाऱ्याने भित्रा ठरला. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज लिहिला, पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेस अर्ज धाडला. युद्ध पेटले आणि माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरले, १९२१ साली पलटण मोडली. त्याच १९२१ साली पुण्यात युद्धात पडलेल्या मराठा वीरांच्या स्मारकाची कोनशिला मोठ्या थाटाने बसली. एका भावाच्या नावाचा दगड बसत होता आणि दुसऱ्या भावाला घरी पाठविले जात होते. पुन्हा महायुद्ध पेटले, पुन्हा माणसांची गरज लागली, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आमच्या बायाबापड्यांनी उगीच केलेली नाही.

सुभेदार रामजी सकपाळ हे फौजेतील निवृत्त अधिकारी. १९०१ साली ते खटाव तालुक्यात नोकरीस होते आणि त्यांची मुले साताऱ्याहून आगगाडीने त्यांना भेटावयास निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुलाच्या तोंडून जात कळली मात्र, त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. गाडीवाले बसवून घेईनात. अखेर एकाने दुप्पट भाडे घेतले, मुलांनीच बैल हाकावे आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. ती हकीकत त्या मुलांपैकी एकाने मोठेपणी स्वतः लिहून ठेवली आहे. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. सुभेदाराने सरकारसाठी हयात घातली आणि सुभेदाराच्या पोराला घोटभर पाणी मिळेना! त्या वेळी सैनिकाचा विशेष मान कोठे गेला होता?

कोणी म्हणेल, या शंभर वर्षांमागच्या गोष्टी झाल्या. तर मग अलीकडच्या ऐका. जून २०१६ मध्ये काश्मीरात पांपोर येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान मारले गेले. त्यांतील एकाचे शव उत्तर प्रदेशात फिरोजाबाद जिल्ह्यातील त्याच्या गावी आले. तो नट जातीचा. गावच्या सार्वजनिक जागेवर त्याचा अंत्यविधी होऊ देण्यास काही वरच्या जातीच्या गावकऱ्यांनी हरकत घेतली. अधिकारी मध्ये पडले, समजूत घातली, तेव्हा दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढी भुई त्याला मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात लष्करातला एक दलित जवान स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसला म्हणून त्याच्या वरातीवर दगड आले. ज्याच्या हाती देशाने बंदूक दिली, त्याला गावाने लगाम धरू दिला नाही. दगड मारणाऱ्यांना विचारले असते, तर सैनिकांविषयी आम्हांला फार आदर आहे, असेच त्यांनीही सांगितले असते! म्हणून आम्ही म्हणतो, वर्दी पाहून वाकणारी मान आणि वर्दी उतरताच जात विचारणारे तोंड जेव्हा एकाच माणसाचे असते, तेव्हा त्या वाकण्याला आदर म्हणू नये. ती भीती असेल, हौस असेल, सभेची रीत असेल.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. शिपाई पगार घेतो, हे खरे. पण पगार घेणाऱ्या इतरांत आणि त्याच्यात एक फरक आहे आणि तो लहान नाही. गवंड्याला परांची मोडकी दिसली तर तो वर चढणार नाही म्हणू शकतो. गिरणीकामगार संप करू शकतो. शेतकरी तहसीलदाराच्या दारात कांदे ओतू शकतो. मास्तर मोर्चा काढू शकतात. शिपाई यांतले काहीही करू शकत नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सैनिकांचे मूलभूत हक्क आवळण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९५० च्या लष्कर कायद्याने त्यांच्या संघटना करण्यावर, सभेला जाण्यावर, वर्तमानपत्रांत लिहिण्यावर बंधने घातली आहेत. शिस्तीसाठी ही बंधने लागतात, हे आम्ही मानतो. बंदूकधारी फौज राजकारणात बोलू लागली की लोकांचे राज्य राहत नाही. शेजारच्या देशांत ते घडलेले आपण पाहिले आहे. परंतु याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मृत्यूपुढे उभा राहा म्हटले की उभे राहावे आणि आपल्या दुःखाविषयी तोंड उघडू नये, असा दुहेरी करार करणारा चाकर हाच. मरणाचा धोका गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारालाही आहे, खाणीतल्या मजुरालाही आहे, समुद्रावरच्या कोळ्यालाही आहे. त्यांचे मरण शिपायाच्या मरणाहून हलके मुळीच नाही. पण त्यांना निदान ओरडता येते. शिपायाने आपला आवाज आपल्यापाशी गहाण ठेवला आहे.

येथेच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याने आपला आवाज रयतेपाशी गहाण ठेवला, त्याच्या वतीने बोलणे हे रयतेचे देणे होय. हाच सैनिकाचा विशेष मान. याखेरीज जो मान आहे तो शालीचा आणि नारळाचा.

हे देणे आपण फेडले काय? हिशेब पाहू. १९७३ सालापासून निवृत्त सैनिक 'एक पद, एक निवृत्तिवेतन' मागत होते. एकाच हुद्द्यावरून, तेवढीच नोकरी करून निघालेल्या दोघांत, आधी निघालेल्या म्हाताऱ्याला कमी आणि मागून निघालेल्याला जास्त पैसे का, एवढाच त्यांचा सवाल होता. चाळीस वर्षे अर्ज झाले. जून २०१५ मध्ये म्हातारे दिल्लीत जंतरमंतरवर बसले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला, पोलिसांनी त्यांना तेथून हुसकण्यासाठी धक्काबुक्की केली. छातीवर पदके लावलेल्या म्हाताऱ्यांचे सदरे ओढले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी देशभर त्यांच्याच नावाने भाषणे झाली. हुकूम निघाला तो नोव्हेंबरमध्ये. त्यांच्यासोबत त्या उन्हात किती नागरिक बसले होते?

जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका शिपायाने पाणीदार वरण आणि करपलेली पोळी दाखवून, आम्हांला हे खायला मिळते, असे जगाला सांगितले. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. त्याने शिस्त मोडली, असे दलाचे म्हणणे. मोडली असेल. पण ते वरण पातळ का, हे विचारावयाला शिस्त मोडावी लागत नाही असे आपण कोट्यवधी लोक होतो. आपण का विचारले नाही? फेब्रुवारी २०२० मध्ये महालेखापालांचा अहवाल संसदेपुढे आला. सियाचेन-लडाखसारख्या बर्फाळ ठाण्यांवरच्या जवानांसाठी बर्फातले चष्मे आणि बूट कमी पडले, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ज्या चौकांत जवानांच्या नावाने फटाके वाजतात, त्या चौकांत हा अहवाल कोणी वाचून दाखविला काय? फटाक्याला चार आणे लागतात, वाचायला मात्र चाड लागते.

आणि सर्वांत मोठा प्रश्न जून २०२२ चा. अग्निपथ नावाची योजना निघाली. पूर्वी शिपाई पंधरा वर्षे पुरी करी आणि जन्माचे पेन्शन घेऊन घरी येई. त्या पेन्शनवर बहिणीचे लग्न होई, विहिरीला मोटार बसे, पोर कॉलेजात जाई. नव्या योजनेत शिपाई चार वर्षांसाठी घ्यावयाचा, शंभरांतले पंचवीसपर्यंत ठेवावयाचे, बाकीच्यांना व्याजासह सुमारे पावणेबारा लाख रुपये हाती देऊन घरी पाठवावयाचे. त्या रकमेतला अर्धा भाग त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. काही पोलीस दलांत राखीव जागा देऊ असे सरकार सांगते आणि फौज तरुण राहावी असा हेतू सांगते. त्या हेतूचा विचार जाणत्यांनी करावा. आमचा सवाल साधा आहे. ही योजना अधिकाऱ्यांच्या भरतीला लागू नाही, खालच्या शिपायांच्या भरतीला आहे. म्हणजे काटकसर सुरू झाली ती कुणब्याच्या पोरापासून! सैनिकाला देव म्हणणारे त्या दिवशी काय बोलले? बिहारात, उत्तर प्रदेशात पोरे रस्त्यावर उतरली, काही ठिकाणी आगगाड्या जाळल्या. जाळपोळ वाईटच, गाडी आपल्याच घामाची. पण ज्यांनी वर्षानुवर्षे पहाटे धावून पाय झिजविले त्यांच्या संतापाची चौकशी न करता, अशा बेशिस्त पोरांना फौजेत घेऊच नये, एवढेच बोलून सुटणाऱ्यांना सैनिकांविषयी आदर आहे, असे आम्ही कसे म्हणावे? देवाला नैवेद्य दाखवावा आणि पुजाऱ्याने तो घरी न्यावा, तसा हा आदर आहे.

इतके झाल्यावर दुसरी एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाही तर आमचे बोलणे एकांगी होईल. मान म्हणजे कायद्यापासून सुटका नव्हे. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडात मोन जिल्ह्यात ओटिंग गावाजवळ खाणीचे काम आटोपून गाडीतून घरी निघालेल्या सहा मजुरांना लष्कराच्या तुकडीने बंडखोर समजून गोळ्या घातल्या. पुढच्या दंगलीत आणखी नागरिक मेले, एक जवानही मेला. लष्कराने खेद व्यक्त केला. राज्याच्या पोलिसांनी ३० जणांवर आरोप ठेवले. पण त्या प्रदेशात लागू असलेल्या १९५८ च्या विशेष अधिकार कायद्याप्रमाणे खटल्याला केंद्राची परवानगी लागते, आणि ती २०२३ साली नाकारली गेली. ते सहाजण कोण होते? शनिवारी मजुरी घेऊन घरी जाणारे, आपल्यासारखेच. त्यांच्या आयांनी न्याय मागितला तर तो फौजेचा अपमान कसा होतो? गुन्हा करणाऱ्या दहांना झाकले की न केलेल्या हजारांवर तोच डाग बसतो. जो खरा शिपाई आहे, त्याला हे झाकण नको असते.

आणि ही शिकवण आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. शिवाजी महाराजांइतका शिपायांचा जिव्हाळा कोणाला होता? तरी १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना त्यांनी जे पत्र लिहिले, त्यात शिपायांची तारीफ नाही, ताकीद आहे. रयतेचे दाणे, वैरण, भाजीपाला जोरावारीने आणाल, तर लोक म्हणतील, याहून मोगल बरे, असे त्यांनी बजावले. लागेल ते बाजारात पैसे देऊन घ्या, असा हुकूम केला. गडकोट घेऊन देणाऱ्या फौजेपुढे राजाने कुणब्याच्या परड्यातली भाजी थोर मानली. कारण फौज रयतेसाठी असते, हे त्या राजाला ठाऊक होते. ज्या दिवशी फौजेसाठी रयत असे होते, त्या दिवशी राज्य बुडाले म्हणून समजावे.

मग शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपण काय करावे? दिल्लीची गोष्ट दिल्लीला सोडून आपल्या गावापुरते पाहू.

पहिले, जवानाच्या विधवेकडे पाहा. सभेत तिला 'वीरपत्नी' म्हणावयाचे आणि घरी तिच्या बांगड्या फोडावयाच्या, कुंकू पुसावयाचे, हळदीकुंकवाला बोलवावयाचे नाही, हा दुटप्पीपणा आमच्याच घरांत चालतो. सरकारी रक्कम घराबाहेर जाऊ नये म्हणून तिला न विचारता दिराच्या गळ्यात बांधावयाचे, हेही चालते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ज्या गावात जवानाचा पुतळा आहे त्या गावात हा ठराव नसेल, तर पुतळ्याला हार घालण्याचा हक्क त्या गावाला नाही.

दुसरे, माजी सैनिकाचा कागद अडला तर त्याच्यासोबत चार माणसांनी कचेरीत जावे. हयातीचा दाखला, जमिनीची नोंद, मुलाच्या फीची सवलत, यांसाठी म्हाताऱ्याला पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. ते काय करते आणि ध्वजदिनाचा पैसा कसा वाटला जातो, हे विचारावे. ज्याने निधीत दहा रुपये टाकले, त्याला विचारण्याचा हक्क आहे.

तिसरे, चार वर्षे करून घरी येणाऱ्या पोरांना 'परत पाठविलेला' म्हणून हिणवू नये. २०२२ च्या अखेरीस त्यांची पहिली तुकडी भरती झाली. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी हातात एकदम रक्कम, डोक्यात कवायत आणि पुढे अंधार, अशा पोराभोवती गाडी विकणारे, जमिनीचे दलाल आणि निवडणुकीचे पुढारी घिरट्या घालणार. त्याला शेती, धंदा, शिक्षण यांत उभे करणे हे घरादाराचे आणि गावाचे काम आहे. आणि त्याच्या पेन्शनचा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावापासून लोकसभेपर्यंत मांडणे हे मतदाराचे काम आहे. तो वर्दीत असताना बोलू शकत नव्हता. तुम्ही बोलू शकता.

चौथे, सैनिकाची जात विचारू नका. आणि ज्याने वर्दी घातली नाही त्याचीही विचारू नका. वर्दी घातल्यावरच माणूस माणूस ठरत असेल, तर वर्दी नसलेल्या आईबापांचे काय?

सैनिक बांधवांनाही एक शब्द. सुट्टीवर याल तेव्हा गावाने उभे राहून नमस्कार करावा अशी अपेक्षा धरू नका. जो भाऊ घरी राहून म्हाताऱ्यांची दुखणी काढतो, तुमच्या वाटणीचे रानही नांगरतो आणि तुमच्या पोराला शाळेत पोचवतो, त्याला आधी तुम्ही रामराम घाला. तुमच्या नावाने कोणी शेतकऱ्याला गप्प बसवू लागला तर मनाशी ओळखा की तो तुमच्या बापाला गप्प बसवीत आहे.

तात्पर्य, सैनिकाला वेगळा मान द्यावा काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे. वेगळे उच्चासन देऊ नये. उच्चासनांनी या देशाचे पुष्कळ नुकसान केले आहे, आणखी एक नको. पण त्याचे एक वेगळे देणे आपल्या अंगावर आहे, ते मात्र पै न् पै फेडावे. आवाज त्याने दिला आहे, तो आपण वापरावा.

जाता जाता त्या हवालदारांचे सांगतो. पुढच्या आठवड्यात आम्ही गावचे पाचजण त्यांच्यासोबत कचेरीत गेलो. साहेब त्या दिवशीही बैठकीला जाणार होते, पण पाच माणसे दारात पाहून थांबले. फेरफाराची नोंद महिन्याच्या आत झाली. हार नव्हता, भाषण नव्हते. नव्या सातबाऱ्याची घडी खिशात घालून हवालदारांनी शाल झटकली आणि खांद्यावर घेतली. ती त्यांच्या अंगावर त्या दिवशी प्रथमच शोभली.